पाहिल्याची खूण

मी लिहिलेला एक प्रोग्राम जगात कुठे कुठे चालतो ते मला धड माहीत नाही. फुकट वाटलेल्या वस्तूच्या मागे कोण फिरतं? कधीतरी एखाद्या अनोळखी माणसाची ई-मेल येते, की बाई, तुमच्यामुळे माझी डाक घरच्या कॉम्प्युटरवर आणि तिकडे सर्व्हरवर अशी दोन्हीकडे सारखी राहते, आभारी आहे. मी उत्तर लिहिते आणि मनात म्हणते, अरे बाबा, तुझ्यासाठी नव्हताच लिहिला तो. तो मी लिहिला माझ्या बाबांसाठी. कॅनडातून माझी ताई त्यांना पत्रं लिहायची आणि बाबा त्यांना हात लावत नव्हते.

आम्ही ग्वाल्हेरला खासगी बाजारात राहायचो. खाली बांगड्यांचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या आणि गच्ची. आई गेल्यावर घरात दोघंच, बाबा आणि मी. मी मुरारकडच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचे. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही असं विचारणाऱ्याला मी असं काही उत्तर द्यायचे की दुसऱ्यांदा कुणी विचारत नसे. बाबांचा स्वभाव माझ्यात उतरलाय असं आई म्हणायची. ताईत आईचा उतरला होता.

ताईनं जातीबाहेर लग्न केलं, दिल्लीला, कोर्टात, आणि नवऱ्याबरोबर परदेशी गेली. तेही बाबांनी कसंबसं गिळलं असतं. पण आई अचानक गेली, ताईचे कागद वेळेत झाले नाहीत, आणि ती येऊ शकली नाही. तेराव्याच्या दिवशी पानं उठल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "आता तिचं पत्र या घरात नको." त्यानंतर तिचं पाकीट आलं की ते स्वतः जिना उतरून जायचे, पोस्टमनच्या हातातलं पेन घ्यायचे आणि पाकिटावर सुवाच्य अक्षरात लिहायचे, 'लेने से इनकार'. खाली सही. पोस्टमन बिचारा म्हणायचा, "बाबूजी, रख लीजिए, बिटिया की चिट्ठी है." बाबा जिना चढायचे. अशी सात-आठ पाकिटं समुद्र ओलांडून परत ताईच्याच दारात जाऊन पडली.

मग ताईनं युक्ती काढली. तिनं बाबांच्या नावानं ई-मेलचा पत्ता उघडला, पासवर्ड मला फोनवर सांगितला आणि त्यावर पत्रं लिहायला सुरुवात केली. "हे काही त्यांना परत पाठवता येणार नाही," ती म्हणाली. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. इकडचं-तिकडचं बोलून झालं की आवाज जरा खाली यायचा. "बाबा वाचतात का गं?"

"नाही गं," मी म्हणायचे.

मी खोटं बोलत नव्हते. मी त्यांना दहा वेळा सांगून पाहिलं होतं. ते म्हणायचे, "तुझ्या त्या डब्यात काय येतं नि काय जातं, त्याच्याशी मला कर्तव्य नाही." डबा म्हणजे माझा कॉम्प्युटर. तो बाहेरच्या खोलीत खिडकीशी होता आणि त्याच्यावर आईनंच विणलेला रुमाल घातलेला असायचा. बाबा तिथून जाताना वळून बघतही नसत.

तरी माझ्या मनात होतं, की पत्रं घरात तरी असावीत. आमची टेलिफोनची लाइन पहाटे साडेपाच ते साडेसहा एवढीच धड चालायची. दिवसा मॉडेम नुसतं घशात कफ अडकल्यासारखं करायचं आणि गप्प व्हायचं. उद्या समजा बाबांचं मन वळलं आणि नेमकी लाइन नसली, तर? एकदा उलटलेलं मन पुन्हा वळायला त्यांना किती वर्षं लागतील याचा भरवसा नव्हता. म्हणून मी ठरवलं की पहाटे सगळी पत्रं घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायची, 'ताई' नावाच्या फोल्डरमध्ये. ती मी उघडायची नाहीत. दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही ही आमच्या घरची शिस्त, आणि ती पत्रं बाबांची होती. मला ताई वेगळं लिहायची.

त्या पहाटा मला अजून स्वप्नातल्यासारख्या आठवतात. गच्चीचं दार उघडं, गार वारा, खालून दूधवाल्याच्या सायकलची घंटी, आणि पडद्यावर एकेक ओळ सरकतेय. इकडे उजाडत असायचं तेव्हा ताईकडे आदल्याच दिवशीची संध्याकाळ असायची. दोन वेगळ्या तारखा माझ्या खिडकीत एकमेकींना भेटायच्या असं मला वाटायचं, आणि मी चहा गार होईस्तोवर नुसती बसून राहायचे. प्रोग्राम लिहिणाऱ्या बाईनं असं बसून राहणं बरं नव्हे, पण बसायचे खरी.

पहिला प्रोग्राम अगदी साधा होता, पत्र इकडे आणायचा, बस. मग मला हाव सुटली. माझी स्वतःचीही डाक होती. घरी काढून टाकलेलं पत्र सर्व्हरवरूनही जावं, तिकडे हलवलेलं इकडेही हलावं, दोन्ही बाजू एकसारख्या राहाव्यात. आणि तिथे माझी गाडी अडली. एक पत्र घरी आहे, सर्व्हरवर नाही. आता ते घरी नवीन आलं म्हणून तिकडे पाठवायचं, की तिकडे कुणी काढलं म्हणून इकडचंही काढायचं? मी एकदा चुकीचं ठरवलं आणि माझी स्वतःची सबंध महिन्याची डाक उडाली. मी इतक्या जोरात कपाळावर हात मारला की बाबा आतून आले.

"काय झालं?"

मी चिडून सगळं सांगितलं. त्यांना काही कळेल अशी माझी अपेक्षा नव्हती. ते खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ऐकत राहिले आणि म्हणाले, "तुझ्याकडे याद्या किती आहेत?"

"दोन. इथली आणि तिथली."

"मग तुला जन्मात कळायचं नाही. तिसरी यादी लागते. मागच्या मिलानाच्या दिवशी काय होतं, त्याची. कागद त्या यादीत असेल तर समजायचं तिथून कुणी काढलाय. नसेल तर इथे नवा आलाय. एवढं साधं आहे, बाई."

मिलान म्हणजे ताळा घेणं, हा बाबांच्या कचेरीतला शब्द. संस्थानं विलीन झाली आणि ग्वाल्हेर-इंदूर मिळून मध्यभारत झालं, तेव्हा राजधानी दोघांनाही हवी होती. मग भावाभावांत गाय वाटून घेतात तशी वाटणी झाली, हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. बाबा तेव्हा मोतीमहालातल्या सरकारी कचेरीत सगळ्यात धाकटे कारकून होते. वर्षातून दोनदा सगळं दप्तर लाल खारव्याच्या जाड कापडी बस्त्यांत बांधायचं, आगगाडीत चढवायचं, तिकडे उतरवून उघडायचं आणि मिलान करायचं. लहानपणी हीच गोष्ट ऐकत मी झोपायचे. मला दिसायचं की सबंध सरकार गाडीत बसलंय, बस्ते बाकांवर आणि साहेब खाली सतरंजीवर, आणि बाहेर एकेक स्टेशन मागे जातंय. पुढे प्रांतांची पुनर्रचना झाली, राजधानी भोपाळला गेली, बस्तेही कायमचे तिकडे गेले. बाबा गेले नाहीत. ते इथेच दुसऱ्या कचेरीत राहिले आणि तिथूनच निवृत्त झाले.

त्या आठवड्यात मी तिसरी यादी लिहिली. त्यानंतर एकही पत्र हरवलं नाही. प्रोग्राम मी सगळ्यांसाठी खुला करून टाकला, ज्याला हवा त्यानं घ्यावा, उघडून बघावा, सुधारावा. मोठेपणा नव्हता त्यात. ज्यांच्याकडून मी शिकले त्यांनीही आपलं असंच उघडं ठेवलं होतं, आणि आपण तेवढं झाकून ठेवायचं म्हणजे पंगतीत जेवून आपल्या घरचं पान मांडायचंच नाही.

हळूहळू लोक यायला लागले. कुणी चूक दाखवायचं, कुणी ती दुरुस्त करून पाठवायचं. त्यातला एक उत्तरेकडच्या कुठल्याशा बर्फाळ देशातला गृहस्थ टिकून राहिला. त्याला मी कधी पाहिलं नाही. तो फार सभ्य भाषेत माझे वाभाडे काढायचा. एकदा त्यानं लिहिलं की बाईसाहेब, आपला प्रोग्राम चांगला आहे, पण घरातली सगळी भांडी एकाच खोलीत रचावीत तसा आहे. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. तोवर त्यानं माझ्या प्रोग्रामची प्रत घेऊन तिची सबंध नवी मांडणी केली, आणणं एकीकडे, पाठवणं एकीकडे, ताळा एकीकडे. मीही हट्टानं माझी जुनी प्रत पुढे वाढवत राहिले. वर्षभर एकाच प्रोग्रामच्या दोन चुली चालल्या. शेवटी त्याची मांडणी खरोखरच बरी आहे हे मला कबूल करावं लागलं, आणि आम्ही दोन्ही एकत्र करायचं ठरवलं. त्या विलीनीकरणाला चार महिने लागले. बाबा विचारायचे, "झाली का गं तुमची दोन संस्थानं एक?" आणि मी म्हणायचे, "होतायत. तुमच्यापेक्षा लवकर होतील."

त्या एकत्र झालेल्या प्रोग्रामनं पहिल्यांदा एक नवी गोष्ट नेटकी करायला सुरुवात केली. पत्र वाचलं गेलं की नाही, ही खूण तो दोन्हीकडे न्यायला लागला. न वाचलेलं पत्र यादीत ठळक अक्षरात दिसतं, एकदा उघडलं की अक्षर बारीक होतं. घरी उघडा, दुसऱ्या दिवशी पहाटे सर्व्हरवरही बारीक. मी बाबांना कौतुकानं सांगितलं. ते म्हणाले, "आमच्याकडे कागद वाचला की कोपऱ्यात 'पाहिलं' लिहून सही करायची. ज्यानं पाहिला त्यानंच. दुसऱ्यानं केली तर ते खोटं दप्तर."

आणि दोनच आठवड्यांत मला 'ताई' फोल्डरमध्ये काही ओळी बारीक दिसल्या.

मी त्यातलं एकही पत्र उघडलं नव्हतं. ताईची पत्रं तोवर दीडशेच्या वर गेली होती आणि सगळी ठळक असायला हवी होती. पहिली पंधरा-वीस बारीक. पुढच्या आठवड्यात तीस. एकत्र करताना आम्ही काहीतरी घोळ घातला होता आणि प्रोग्राम आपोआप खोट्या खुणा करत होता, हे उघडच होतं. उद्या कुणाचं महत्त्वाचं पत्र न वाचताच वाचलेलं दिसलं तर? मी उत्तरेकडच्या त्या गृहस्थाला लिहिलं. त्यानं लांबलचक उत्तर पाठवलं, त्याच्याकडे असं होत नाही, आणखी कुणी तक्रार केलेली नाही, आणि शेवटी एक प्रश्न. तुमच्या घरी दुसरं कुणी हा कॉम्प्युटर वापरत नाही ना?

मी ताठ्यानं लिहिलं, घरात माझ्याशिवाय फक्त माझे वडील आहेत, आणि या एका फोल्डरला ते कधीही हात लावणार नाहीत.

त्यानं पुन्हा विचारलं नाही. आम्ही दोघांनी दोन महिने शोधलं. खुणांच्या भागात एक बारीकशी चूक खरंच निघाली आणि माझी खात्री झाली. खरं तर त्या चुकीनं असं काही होणं कठीण होतं, पण मला पटवून घ्यायचं होतं. एके दिवशी चहा घेताना मी बाबांना म्हटलं, "प्रोग्रामला रोग लागलाय. कुणी न पाहताच पाहिल्याच्या खुणा पडतायत."

बाबा बराच वेळ चहा ढवळत राहिले. "पडल्या तर पडू दे की. तुझं काय बिघडतंय?"

"असं कसं? तुम्हीच म्हणता ना, ज्यानं पाहिलं नाही त्याची खूण म्हणजे खोटं दप्तर?"

ते कप उचलून आत गेले. मला वाटलं, वादात मी जिंकले.

याच सुमाराला ताईनं रविवारी तो प्रश्न विचारणं बंद केलं होतं. तिचा आवाज मोकळा झाला होता, फोनवर ती हसायची, पत्रंही पूर्वीपेक्षा जास्त यायला लागली. मला वाटलं, बरं झालं, बिचारीनं आशा सोडली.

मग मी दुरुस्ती केली. चैत्र लागला होता, सुट्टी होती, मी तीन दिवस खुर्चीवरून उठले नाही. एक, 'ताई' फोल्डरमधल्या सगळ्या खोट्या खुणा एका आज्ञेनं पुसून टाकल्या, घरी आणि सर्व्हरवर, दोन्हीकडे. दोन, यापुढे घरी पडलेली खूण सर्व्हरवर जायचीच नाही, उलट रोज पहाटे घरची यादी सर्व्हरसारखी करून टाकायची, अशी सोय प्रोग्राममध्ये घातली. नवी आवृत्ती जगाला दिली. लोकांनी आभार मानले. माझ्या पडद्यावर ताईची सगळी पत्रं पुन्हा ठळक, काळीभोर, रांगेत उभी. मला इतकं समाधान झालं की मी संध्याकाळी गोरखीपर्यंत चालत जाऊन पाव किलो जिलबी आणली. बाबांनी खाल्ली नाही. पोट बरं नाही म्हणाले.

त्यानंतर आठवड्यानं ताईचं एक पत्र आलं आणि मग यायची बंद झाली. रविवारी फोन यायचा, पण दोन मिनिटांचा. "बरी आहेस ना?" "बरी आहे." "बाबा?" "बरे आहेत." बस. मी खोदून विचारलं तर म्हणाली, "थकलेय गं." तिच्या छोट्या मुलीचं दुखणं-खुपणं असेल, मला वाटलं.

बाबा मात्र अस्वस्थ दिसायला लागले. पहाटे मी मॉडेम लावून बसले की उठून यायचे. "चालतोय ना तुझा प्रोग्राम?"

"चालतोय. का?"

"काही नाही. सहज."

दोन दिवसांनी पुन्हा. "सगळ्यांची डाक येते ना व्यवस्थित? बाहेरदेशची?"

ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणजे काय ते मला तेव्हा ओळखता यायला हवं होतं. नाही आलं. मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला त्या डब्याशी कर्तव्य नाही ना?" ते परत जाऊन पडले.

आषाढ कोरडाच चालला होता. एके दिवशी मुलांनी कॉलेजात संप केला आणि मी दुपारी दोनलाच घरी आले. सगळा बाजार झोपेत होता, दुकानांवर तरटं सोडलेली, कुणाच्या तरी कूलरचा खसचा, म्हणजे वाळ्याचा, ओला वास जिन्यापर्यंत येत होता. दार नुसतं लोटलेलं होतं. बाहेरच्या खोलीत आईच्या हातचा रुमाल नीट घडी करून बाजूला ठेवलेला, आणि बाबा कॉम्प्युटरसमोर बसलेले. चष्म्यावर आणखी भिंग धरलेलं. ओठ हलत होते. मांडीवर कॅलेंडरचं पाठकोरं पान आणि त्यावर पेन्सिलीनं लिहिलेल्या तारखा. नवं पत्र येत नव्हतं म्हणून ते जुनीच पुन्हा वाचत होते, आणि रोज पहाटे खुणा पुसल्या जायच्या, म्हणून कालपर्यंत कुठवर आलो ते लक्षात राहावं यासाठी ते तारीख टिपून ठेवत होते.

मी दारातच उभी राहिले. खरं सांगते, मला आधी रागच आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी सात समुद्रापलीकडच्या माणसाला कामाला लावलं होतं, आणि रोग माझ्याच घरात धोतर नेसून बसला होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

ते दचकले नाहीत. भिंग खाली ठेवलं. "हिवाळ्यापासून. पहिलं पत्र, मग दुसरं, अशी. तू उघडायचीस ते बघून शिकलो. एवढं काही अवघड नाही."

"मग मला का नाही सांगितलंत? मी दोन महिने डोकं फोडून घेत होते. बाबा, तुम्ही ती पाकिटं परत पाठवायचात!"

"पाकीट खाली दारात यायचं," ते म्हणाले. "दारातून परत करता येतं. हे तू घरात आणून बसवलंस. घरात आलेल्या माणसाला काय हाकलायचं?" मग, माझ्याकडे न बघता, "तिनं लिहिणं बंद केलंय. मी विचारायचं कुणाला?"

मी तिथेच जमिनीवर बसले. कारण त्या क्षणी मला ताईचा मोकळा झालेला आवाज आठवला, आणि तो कधी बंद झाला तेही.

रविवारपर्यंत थांबले नाही. संध्याकाळीच एसटीडीच्या दुकानात जाऊन फोन लावला. ताईला विचारलं, लिहिणं का सोडलंस. ती म्हणाली, "पासवर्ड माझ्याकडेही आहे ना. मी रोज संध्याकाळी बघायचे. एकेक ओळ बारीक व्हायची. तुला सांगितलं नाही, तू जाऊन बाबांना चिडवलं असतंस आणि त्यांनी मानापायी सोडून दिलं असतं. मला तेवढं पुरत होतं गं. आणि एक दिवस बघते तर सगळी पुन्हा ठळक. सगळीच्या सगळी. मी समजले. त्यांनी परत पाठवली."

"ताई," मी म्हटलं, "ते मी केलं."

मग ती रडली, आणि रडता रडता मला जन्मात कुणी दिल्या नसतील एवढ्या शिव्या दिल्या. तुझ्या प्रोग्रामला आग लाव, म्हणाली. मी ऐकून घेतलं. दुकानदार काचेतून बघत होता, त्यालाही बघू दिलं.

दुसऱ्या दिवशी मी ती दुरुस्ती काढून टाकली. उत्तरेकडच्या गृहस्थाला सगळं लिहिलं. त्याचं उत्तर आलं, की मला शंका होती, पण आपल्या वडिलांविषयी आपण इतक्या खात्रीनं लिहिलं होतंत की पुन्हा विचारणं मला असभ्य वाटलं. मी वाचून एकटीच हसले आणि मग मला फार लाज वाटली.

राहता राहिल्या पुसलेल्या खुणा. त्या एका आज्ञेत परत करता आल्या असत्या. मी बाबांना म्हटलं, "तुम्ही वाचलीच आहेत. मी सगळ्यांवर खूण करून टाकते, उद्या ताईला दिसतील."

"तू कशी करशील? तू पाहिलीस का?" बाबांनी खुर्ची ओढली. "सरक."

आणि ते पहिल्या पत्रापासून पुन्हा बसले. आता दुपारची वाट बघायची नव्हती. मी कॉलेजातून आले तरी उठायचे नाहीत. रोज दहा, कधी पंधरा. वाचता वाचता मोठ्यानं बोलायचे. "तिच्या मुलीला वरण आवडत नाही म्हणे." "नाक माझ्या आईसारखं आहे, लिहिलंय." हे सगळं त्यांना केव्हाच ठाऊक झालं होतं आणि त्यांनी ते एकट्यानं, तोंड मिटून सांभाळलं होतं. मला ते ऐकवत नसे, आणि उठूनही जाववत नसे. पहाटे मी खुणा तिकडे रवाना करायचे. तिकडे संध्याकाळ असायची, ताई जेवणं आटपून बसलेली असायची, आणि फोनवर सांगायची, "काल अकरा झाली गं."

तीन आठवडे असं चाललं. मग एका रविवारी ताई म्हणाली, "एक राहिलंय. शेवटचं. दोन दिवस झाले, ते ठळकच आहे."

"त्यात काय आहे?"

"सगळी परत आली असं वाटलं ना, तेव्हाचं आहे ते. यापुढे मी लिहिणार नाही, असं लिहिलंय. शेवटचा नमस्कार, वगैरे."

मी रिसीव्हर तसाच धरून बाबांना हाक मारली. ते तांदूळ निवडत होते. म्हटलं, "बाबा, एक पत्र राहिलंय तुमचं."

"मला माहीत आहे."

"वाचलं नाहीत अजून?"

"चैत्रातच वाचलंय."

"मग उघडा ना एकदा, म्हणजे खूण पडेल. बाकी सगळ्यांवर झाली."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "ज्या कागदावर पाहिल्याची सही नाही, तो कागद लागू होत नाही," ते म्हणाले. "तिला सांग, ते मला मिळालेलं नाही."

बाबांनी उभ्या आयुष्यात दप्तरात खोटं केलं नव्हतं. मी ते शब्द जसेच्या तसे फोनवर सांगितले. ताईनं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे लाइन लागली. त्या एका ठळक ओळीखाली आणखी एक ठळक ओळ आली. मी बाबांना उठवलं.